आर्टिस्ट व्हिलेजमध्ये जपायचं ते घर की चौक?

नवी मुंबईत सीबीडी बेलापूरच्या सेक्टर ८ मधल्या आर्टिस्ट व्हिलेज या बैठ्या घरांच्या वस्तीचा विषय निघाला की हल्ली ठरलेलं भांडण सुरू होतं. कुणीतरी ऐंशीच्या दशकातला जुना फोटो काढतं, त्यात उतरती कौलारू छपरं, पांढऱ्या भिंती, मधे मोकळा चौक, मागे पारसिकचा डोंगर. शेजारी आजचा फोटो, त्यात तीन मजली आरसीसी घर, पुढे ग्रॅनाइट, स्टीलचं रेलिंग, खाली गाडी. मग एक गट म्हणतो, लोकांनी ही वस्ती आखणारे वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या कामाची पार वाट लावली, सरकारने तेव्हाच हेरिटेज म्हणून जाहीर करायला हवं होतं. दुसरा गट म्हणतो, कसलं हेरिटेज, स्टेशनपासून रिक्षाने पाच-दहा मिनिटांवरची जागा आहे, एफएसआय, म्हणजे प्लॉटवर जास्त बांधकामाची परवानगी, द्या, टॉवर बांधा, चार लोकांना घरं तरी मिळतील. दोन्ही बाजूंना आपापल्या परीने शहराची काळजी आहे हे मी मानते, पण हा वाद चुकीच्या गोष्टीवरून चाललाय असं मला मनापासून वाटतं. दोघंही घराकडे बघतायत. एकाला जुनं घर परत हवंय, दुसऱ्याला त्या जागी मोठं घर हवंय. आणि या वस्तीत जी गोष्ट खरंच मोलाची आहे, म्हणजे घरांच्या मधली जागा, तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही.

माझं म्हणणं आधीच स्पष्ट सांगते. आर्टिस्ट व्हिलेजमधली घरं बदलली यात काही बिघडलेलं नाही, ती बदलावीत म्हणूनच बांधली होती. सांभाळायचे आहेत ते चौक, दोन घरांमधली फट, आणि एका प्लॉटवर एकच घर ही व्यवस्था. एवढं टिकलं तर बाकी काहीही बदलू द्या. आणि एवढं गेलं तर मग एकेका घरावर जुनी कौलं परत चढवली तरी त्याला अर्थ नाही.

ज्यांनी ही वस्ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जायला हवं. मुंबईची वाढ उत्तरेकडे दोरीसारखी ताणत नेण्यापेक्षा खाडीपलीकडे नवं शहर वसवा, हा विचार कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६४ च्या सुमाराला मांडला आणि १९६५ मध्ये तो 'मार्ग' या नियतकालिकात सविस्तर छापून आला. १९७० मध्ये हे नवं शहर, म्हणजे नवी मुंबई, वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, कोरिया सुरुवातीची काही वर्षं तिचे मुख्य वास्तुविशारद होते. बेलापूरची ही वस्ती त्यानंतरची, १९८३ ते ८६ मधली. साडेपाच-सहा हेक्टर जागा, त्यात साधारण साडेपाचशे कुटुंबं. सात घरं मिळून एक छोटा चौक, सुमारे आठ मीटर बाय आठ मीटरचा. असे तीन गट एकत्र आले की एकवीस घरं आणि मधे त्याहून मोठा, बारा मीटरचा चौक. मग अशा तीन मोठ्या गटांना मिळून आणखी मोठी मोकळी जागा, असं करत करत वस्ती मधून वाहणाऱ्या नाल्यापर्यंत पोचते. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे एका खोलीचं घर घेणारा आणि दोन मजली घर घेणारा यांच्या जमिनीत फार फरक ठेवला नाही. घर घराला चिकटलेलं नाही, प्रत्येकाने आपल्या ऐपतीने आणि आपल्या वेळेनुसार वाढवावं म्हणून. संडास-बाथरूम मात्र जोडीजोडीने शेजारी ठेवले, पाइपांचा खर्च वाचावा म्हणून. आणि बांधकाम असं की नाक्यावरच्या गवंड्याला जमेल, त्यासाठी मोठा कंत्राटदार लागू नये.

आता नीट बघा, भिंत सामायिक ठेवायची नाही, प्लॉट स्वतंत्र द्यायचा, बांधकाम गवंड्याला जमेल असं ठेवायचं, हे सगळं ज्याने ठरवलं त्याला घर तसंच्या तसं राहावं असं वाटत असेल का? ज्याला काही बदलू द्यायचं नसतं तो माणूस सामायिक भिंती घालतो, एकच लांब छप्पर टाकतो, सगळं एकात एक गुंतवून ठेवतो. इथे तर सगळं सोडवून ठेवलंय.

मी मागच्या पावसाळ्यानंतर एका रविवारी सकाळी तिथे बराच वेळ फिरत होते. एका छोट्या चौकात थांबले तिथे सातापैकी एकच घर मूळच्यासारखं उरलं होतं, कौलांवर शेवाळ, पुढे ओटा, ओट्यावर चपलांची रांग. बाकी सहा घरांचे स्लॅब झालेले. शेजारच्या एका घराच्या बाजूच्या भिंतीवर वरच्या मजल्याचा नवा गिलावा आणि खालचा जुना गिलावा यांच्यामध्ये एक तिरकी रेघ स्पष्ट दिसत होती, खालून वर चढत गेलेली. तिथे एकेकाळी छपराचा उतार होता, त्याच भिंतीवर विटा चढवून मालकाने वर खोली काढलेली. मी त्या रेघेकडे बघत उभी आहे हे पाहून ते मालक काका बाहेर आले. म्हणाले, "ती पुसायची राहिली, तीनदा रंग दिला तरी दिसतेच." मुलगी दहावीला गेली तेव्हा एक खोली, मुलाचं लग्न ठरलं तेव्हा वरचा मजला. प्रत्येक वेळी तोच ओळखीचा गवंडी, घर सोडून कुठे भाड्याने राहायला जावं लागलं नाही. मला तर ती रेघ म्हणजे या वस्तीचा खरा नकाशा वाटली. या घराची कोणी वाट लावली असं मी त्या काकांना कुठल्या तोंडाने सांगू?

यात मला आणखी एक गोष्ट खटकते. चिलीमध्ये इकीके नावाच्या शहरात २००४ मध्ये वास्तुविशारद आलेहांद्रो आरावेना यांनी सुमारे शंभर गरीब कुटुंबांसाठी घरं बांधली, पैसे कमी होते म्हणून अर्धंच घर बांधून दिलं आणि बाजूची अर्धी जागा लोकांना हवी तशी भरायला मोकळी सोडली. पुढे २०१६ मध्ये त्यांना प्रित्झ्कर हा वास्तुकलेतला मोठा मानाचा पुरस्कार मिळाला. त्या घरांचे सुरुवातीचे आणि लोकांनी वाढवल्यानंतरचे फोटो शेजारी-शेजारी लावून जगभरच्या आर्किटेक्चर कॉलेजांत दाखवले जातात, बघा लोकांनी किती छान पूर्ण केलं म्हणून. तसाच विचार करून वीस वर्षं आधी बेलापूरला घरं बांधली गेली, आणि तशीच जोडी लावून आपण म्हणतो वाट लागली. तिकडे लोकांनी भर घातली आणि इकडे लोकांनी नासवलं, हा न्याय कुठला?

पण समोरच्यांचे मुद्दे पोकळ आहेत असं अजिबात नाही, आणि त्यातला सगळ्यात जड मुद्दा हा की बदल नुसते सुंदर-कुरूप या हिशोबातले राहिलेले नाहीत. तिसरा मजला चढला की मागच्या तळमजल्यावर दिवसा लाइट लावावा लागतो. गॅलरीचं ग्रिल फुटाफुटाने पुढे सरकतं आणि दोन घरांमधली फट हातभर उरते. कुणी चौकाच्या कडेला आधी कुंड्या मांडतं, मग कुंड्यांच्या रेषेत कट्टा, मग कट्ट्यावर जाळी, आणि पाच वर्षांनी तो तुकडा त्यांच्या घरात गेलेला असतो. आठ मीटरच्या चौकात दोन मोटारी उभ्या राहिल्या की पोरांना खेळायला काय उरतं? हे मी स्वतः पाहिलंय आणि हे वाईटच आहे. फक्त एवढं लक्षात घ्या की यातलं एकही नुकसान कौलं गेल्यामुळे झालेलं नाही. ते सगळं मधल्या जागेवर हात पडल्यामुळे झालंय. म्हणजे ज्यांना जुनी घरं जपायची आहेत त्यांची तक्रार खरी आहे पण बोट भलतीकडे आहे. उद्या दर्शनी भागाला नियम लावलेत, रंग ठरवून दिलात, उतरतं छप्पर सक्तीचं केलंत, तरी त्या मागच्या तळमजल्यात उजेड येणार नाही.

फ्रान्समध्ये बोर्दोजवळ पेसाक इथे हे सगळं आधी होऊन गेलंय. ल कॉर्बुझिए या वास्तुविशारदाने १९२६ च्या सुमाराला तिथे पन्नासेक घरं बांधली, सपाट छपरं, आडव्या लांब खिडक्या, मोकळ्या गच्च्या. राहायला आलेल्या लोकांनी काही वर्षांत गच्च्या बंद केल्या, खिडक्या लहान केल्या, काहींनी उतरती छपरं चढवली. पुढे ती वस्ती जपायचं ठरलं, घरं एकेक करून मूळ रूपात आणली गेली, २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव लागलं, एक घर तर बघायला येणाऱ्यांसाठी संग्रहालय म्हणून ठेवलंय. आता कोणी म्हणेल, मग आपणही तसंच करू. पण तिथे वास्तुविशारदाने पूर्ण झालेली वस्तू दिली होती आणि लोकांनी त्याच्या मनाविरुद्ध ती बदलली, त्यामुळे ती मूळ रूपात आणता आली. बेलापूरला मूळ रूप कुठलं धरणार? पहिल्या दिवशीचं एका खोलीचं घर? ते तर सुरुवात म्हणून दिलेलं होतं. झाडाचं जतन करायचं म्हणून त्याला परत रोपाएवढं छाटत नाहीत.

आता टॉवरवाल्यांकडे वळते, कारण त्यांचा मुद्दा भावनेवर उडवून लावण्यासारखा नाही. घरं कमी आहेत, लोक रोज दोन-दोन तास लोकलमध्ये घालवतात, आणि रेल्वे स्टेशन असलेल्या भागात बैठी वस्ती ठेवणं ही चैन आहे असं कुणाला वाटलं तर त्याला मूर्ख म्हणता येणार नाही. साडेपाचशे घरांच्या जागी टॉवरमध्ये कितीतरी जास्त घरं बसतील हेही कबूल. पण हिशोब पुरता करू या ना. हेक्टरी जवळपास शंभर घरं, घरात पाच माणसं धरली तर हेक्टरी पाचशे माणसं, आणि त्यावर नंतरचे मजले वेगळेच. ही काही बंगल्यांची विरळ वस्ती नाही, दाट वस्तीच आहे, फक्त लिफ्टशिवायची. आणि घरं दुप्पट केली म्हणून शहर दुप्पट लोकांना सामावतं असं होत नाही, कारण शाळा, रस्ते, मैदानं, पाणी, सांडपाणी यांना लागणारी जागा माणसांबरोबर वाढतच जाते, हे कोरिया आयुष्यभर सांगत राहिले. इमारत उंच केली की त्या प्लॉटवरची गर्दी वाढते, पूर्ण शहराचं गणित तेवढ्या प्रमाणात सुटत नाही.

यापेक्षाही मोठी गोष्ट दुरुस्तीची आहे. आपल्याकडे रीडेव्हलपमेंट हा शब्द इतका अंगवळणी पडलाय की घर म्हटलं की तीस-चाळीस वर्षांनी ते पडणार आणि बिल्डर येणार हे आपण धरूनच चालतो. वाशीला सिडकोच्या जेएन टाइपच्या इमारतींचं काय झालं ते नवी मुंबईत सगळ्यांना माहीत आहे. स्लॅबचे तुकडे पडायला लागले, इमारती धोकादायक ठरल्या, आणि रहिवासी कितीतरी वर्षं परवानग्या, सह्या, कोर्टकचेऱ्या यात अडकले. का? कारण एका मजल्याचं छप्पर म्हणजे दुसऱ्याची जमीन, एकट्याने दुरुस्ती करून भागत नाही, सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय वीटही हलत नाही. त्याच सिडकोच्या हद्दीत, जवळपास त्याच काळात बांधलेली आर्टिस्ट व्हिलेजमधली घरं मात्र चाळीस वर्षं आपली आपण नवी होत आली. ज्याच्याकडे पैसे आले त्याने आधी केलं, ज्याच्याकडे नव्हते तो थांबला, कुणाच्या सहीसाठी कुणी अडलं नाही. पुनर्विकास आधीच झालाय तिथे, एकेक घर करून, बिल्डरशिवाय, ट्रान्झिट कॅम्पशिवाय. ही वस्ती पाडून टॉवर बांधायचे म्हणजे ज्या अडचणीतून वाशीचे लोक सुटायला बघतायत त्याच अडचणीत बेलापूरच्या लोकांना मुद्दाम लोटायचं.

कोणी असंही म्हणेल की वेगवेगळ्या उत्पन्नाची माणसं एका चौकात, हे स्वप्न कधीच मोडलंय, आज तिथे घर घेणं सामान्य माणसाच्या आवाक्यात नाही. खरं आहे. मला त्याचं वाईटही वाटतं. पण साडेपाचशे घरांची एकच वस्ती बांधायची, तिच्यासारख्या आणखी पन्नास बांधायच्या नाहीत, आणि मग ती महाग झाली म्हणून कल्पनाच फसली म्हणायचं, हे बरोबर नाही. शहराचा खर्च प्लॉट विकून काढायचा असं एकदा ठरलं की जास्त बोली लागणारा प्लॉट महत्त्वाचा होत जातो आणि पंचेचाळीस चौरस मीटरचे छोटे प्लॉट मागे पडतात. त्याला चौक काय करणार?

आणि एक मुद्दा आहे जो आर्किटेक्चरवाले बहुतेक वेळा टाळतात. हे शहर ज्या जमिनीवर उभं आहे ती पंचाण्णव गावांची होती, आगरी-कोळी शेतकऱ्यांची, मिठागरवाल्यांची. जानेवारी १९८४ मध्ये उरणजवळ जासई-दास्तान परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी चाललेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जणांचा जीव गेला, तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना आली. त्याच वर्षी बेलापूरला ही वस्ती बांधली जात होती. म्हणून नियोजनबद्ध शहराचं कौतुक ऐकताना गावठाणातल्या माणसाच्या पोटात तुटत असेल तर ते समजून घ्यायला हवं. पण मला यातून उलटाच धागा दिसतो. बेलापूर गावात जा, आळीत जा. घरापुढे ओटा, चार-सहा घरांमध्ये सामायिक अंगण, कुटुंब वाढलं तशी वाढत गेलेली घरं, 'गरजेपोटी बांधलेली घरं' हा शब्द नवी मुंबईने त्यांच्यासाठीच तयार केला. कोरियांनी जे नव्याने रेखलं ते या मातीत आधीपासून होतंच. पण गावठाणात तेच केलं की अनधिकृत, नोटीस, बुलडोझरची भीती. आर्टिस्ट व्हिलेजमध्ये केलं की वारशाचं नुकसान. माणूस गरजेपुरतं घर वाढवतो ही गोष्ट नियोजनाच्या आतच धरली असती तर हे दोन्ही वाद झाले असते का?

मधली जागा टिकते कशी, याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. दादरला शिवाजी पार्कच्या भोवती १९३०-४० च्या काळातल्या किती इमारती पडल्या, किती नव्या उंच आल्या, पण मैदान जागेवर आहे, कारण त्याच्यावर बोट ठेवलं तर भोवतालचा प्रत्येक माणूस उभा राहील. उलट पुण्याच्या पेठांत बघा. वाड्यात भाडेकरू बदलले, खोल्यांना पार्टिशन पडली, माडीवर माडी चढली, तरी मधला चौक होता, विहीर होती, तुळस होती. वाडा पाडून बिल्डिंग आली त्या दिवशी चौकाचं पार्किंग झालं. घर बदलल्याने चौक गेला नाही, सगळे प्लॉट एका हातात गेल्याने गेला. आर्टिस्ट व्हिलेजमध्ये मला सगळ्यात जास्त भीती याचीच आहे. कुणी दोन घरं विकत घेऊन एक करतो, मग तीन, मग एका बाजूची रांगच. सात दारांच्या चौकात चार दारं उरली की तो चौक राहत नाही, कुणाच्या तरी मोठ्या घरापुढची जागा होते.

म्हणून नियम लावायचेच असतील तर थोडे आणि नेमके लावा. प्लॉट एकत्र करायला बंदी. प्रत्येक छोट्या-मोठ्या चौकाची मोजणी करून हद्दीचे दगड रोवा आणि तो कुणाच्याही घराला जोडता येणार नाही असं कागदावर लिहून ठेवा. शेजाऱ्याचा उजेड अडेल इतकी उंची नको, फट ठरली तेवढी मोकळी. नाल्याच्या काठावर बांधकाम नाही. गाड्या वस्तीच्या कडेला. बाकी कुणी निळा रंग दिला, कुणी ग्रॅनाइट लावलं, कुणी खांबांवर देवळासारखी नक्षी केली, करू दे. आपल्याला आवडत नाही म्हणून एखाद्याच्या भिंतीला नियम लावायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? आणि हे नियम राबवणं कठीण आहे, सात घरांत एकमत कुठे होतं, असं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारेन की टॉवरच्या सोसायटीत दोनशे घरांचं एकमत सोपं असतं का? सातच घरं ठेवण्यामागे तोही विचार असणार असं मला वाटतं. सात माणसं ओट्यावर बसून बोलू शकतात.

निघताना त्या काकांना विचारलं, तुमच्या चौकात गाडी दिसत नाही ती कशी. म्हणाले, पंधरा-सोळा वर्षांपूर्वी सातही घरांनी ठरवलं, गाडी बाहेर रस्त्याला लावायची, आत फक्त स्कूटर. लिहून वगैरे काही नाही, तोंडीच. कौलारू घर आता विकलं गेलंय, नवीन माणसं दिवाळीनंतर राहायला येणार, त्यांच्याकडे दोन मोटारी आहेत. "तुम्ही बोललात का त्यांच्याशी?" मी विचारलं. काका म्हणाले, "अजून नाही. आल्यावर आधी चहाला बोलावतो."